उगवणशक्ती छापा, मग जाहिरात करा

ज्वारीच्या बियाण्याची पिशवी घेतली तर तिला एक चिठ्ठी लावलेली असते. उगवणशक्ती किती टक्के, शुद्धता किती टक्के, तपासणी कोणत्या तारखेला झाली, बियाणे कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हे तिच्यावर छापावे लागते. १९६६ च्या बियाणे कायद्याने ती सक्ती केली आहे. ज्वारीची उगवण ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर ते बियाणे प्रमाणित म्हणून विकता येत नाही. कायदा पाळला जातो का, हा वेगळा विषय. बोगस बियाण्याच्या नावाने आपण दर मृगाला बोंब मारतोच. पण निदान भांडायला चिठ्ठी तरी हातात असते. तक्रार करायला निघालेला शेतकरी आधी पिशवी आणि चिठ्ठी शोधतो.

आता तालुक्याच्या एसटी स्टँडवर उभे राहा आणि मान वर करा. शहरातल्या कॅन्सर रुग्णालयाचा फलक दिसेल. पांढरे कोट घालून हाताची घडी घातलेले चार डॉक्टर, मागे एक भलेमोठे यंत्र, कोपऱ्यात हसणारी एक बाई आणि 'आता कॅन्सरला घाबरू नका' असे काहीतरी मोठ्या अक्षरात. वर्तमानपत्राच्या पुरवणीत हेच, पोरांच्या मोबाईलवरही हेच. या फलकावर उगवणशक्ती कुठे छापली आहे? शंभर रोगी आले, त्यांतले किती पहिल्या अवस्थेत आले आणि किती चौथ्या, दोन वर्षांनी किती जिवंत होते, एकेकाला सगळा मिळून खर्च किती आला, त्यातला योजनेतून किती आणि सावकाराकडून किती? एक अक्षर नाही. सरकीच्या एका पाकिटावर कायदा जेवढे छापायला लावतो तेवढेही माणसाच्या जिवाच्या सौद्यात छापावे लागत नाही.

पहिला आक्षेप काय येणार ते आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही तर खुल्या बाजाराचे लोक. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीविरुद्ध वर्षानुवर्षे बोललात. व्यापाऱ्याला मोकळीक हवी, शेतकऱ्याला मोकळीक हवी, मग रुग्णालयाने चार पैसे खर्चून जाहिरात केली तर तुमच्या पोटात का दुखते?

दुखते ते खुल्या बाजाराचे आहोत म्हणूनच दुखते. भाव उघड नाही, माल उघड नाही, तिथे बाजार खुला कसला? जुन्या आडतीत रुमालाखाली बोटे दाबून सौदा व्हायचा. कोणी काय भाव लावला ते मालाच्या मालकाला कळायचे नाही. ती हत्ता पद्धत बंद करून उघडा लिलाव आणावा लागला. तेव्हा कोणी असे म्हणाले नाही की रुमाल काढणे म्हणजे व्यापाराच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. रुग्णालयाच्या जाहिरातीत रुमाल अजून जागेवर आहे आणि त्याच्यावर फुलाफुलांची नक्षी काढली आहे, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट. बाजारात उभे राहणाऱ्याला 'नाही' म्हणून परत फिरता आले पाहिजे. कापसाची गाडी जिनिंगच्या दारात उभी आहे, दिवस मावळला आहे, आभाळ भरून आले आहे आणि उद्या मजुरांचा चुकारा आहे. ही गाडी परत जाणार नाही हे काट्यावरच्या माणसाला पक्के माहीत असते. तिथे जो भाव निघतो त्याला आपण भाव म्हणत नाही, लूट म्हणतो. ज्या घरात परवा बायोप्सीचा कागद आला आहे त्या घराची गाडी कायम अशीच दारात उभी असते. शिवाय बियाणे फसले तर पुढच्या मृगाला आपण दुकान बदलतो. खतात, औषधात, पाईपात जाहिरातीचा खोटेपणा दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात उघडा पडतो. कॅन्सरचा उपचार घर एकदाच विकत घेते. दुसरा हंगाम नाही. म्हणून इथे जाहिरात खोटी ठरतच नाही, फक्त माणूस जातो.

आता त्या हसणाऱ्या बाईकडे या. आमच्यापैकी ज्यांनी कृषी महाविद्यालयात वर्षे काढली त्यांना या बाईची ओळख फार जुनी आहे. बियाणे कंपनीच्या भिंतीपत्रकावर जो 'प्रगतिशील शेतकरी' बोंडांनी लगडलेल्या पऱ्हाटीत उभा असतो, त्याचीच ती बहीण. तो शेतकरी खोटा नसतो. त्याला खरोखरच तेवढा कापूस झालेला असतो. पण त्याची जमीन भारी काळी, विहिरीला पाणी, पेरणी वेळेवर, आणि कंपनीचा माणूस आठवड्याला फवारणी सांगायला येणार. आपल्या हलक्या बरड जमिनीत, एका पावसाच्या भरवशावर, तेच पाकीट काय देईल हे त्या फोटोवरून कळत नाही. ते कळायचे असेल तर एकाच शेतात, एकाच दिवशी, नव्या वाणाशेजारी जुना तुल्य वाण पेरावा लागतो. तोही एका ठिकाणी नाही. तीन-चार ठिकाणी पुनरावृत्ती करावी लागते, आणि जिथे पीक बुडाले ते ठिकाणही हिशोबात धरावे लागते. ज्या शेतात वाण बुडाला त्या शेताच्या धुऱ्यावर कंपनी पाटी लावत नाही. तसेच इथे. बरी झालेली बाई मुलाखत देते. जी गेली ती देत नाही, आणि तिच्या नवऱ्याकडे कोणी कॅमेरा घेऊन जात नाही.

त्या बाईबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. डॉक्टरने जीव वाचवला आहे, पुढची तपासणी त्याच्याकडेच आहे, आणि रुग्णालयाचा माणूस म्हणतो, 'काकू, एक फोटो काढू या, दुसऱ्यांना हिंमत येईल.' ती नाही म्हणेल? तिने अंगठा दिला की रुग्णालयाच्या लेखी संमती झाली. ज्याच्या हाती आपला जीव आहे त्याला दिलेली संमती किती मोकळी असते, याचा विचार जाहिरात करणाऱ्याने करायला हवा.

शब्दांचाही हिशोब मांडू. 'लढा', 'योद्धा', 'मात', 'हार मानू नका'. ऐकायला बरे वाटते. आंदोलनात आम्हीही हेच शब्द वापरतो, त्यामुळे त्यांची ताकद आम्हाला चांगली माहीत आहे. पण या शब्दांची दुसरी बाजू घरात उतरते. जो वाचला तो लढला, तर जो गेला तो काय लढायला कमी पडला? आजार सर्व अंगात पसरला आहे, डॉक्टर स्वतःच म्हणत आहेत की आता फार काही होणार नाही, आणि पोरगा विचार करतो आहे की उरलेले दोन एकर विकावे की नाही. त्या रात्री 'हार मानू नका' हे वाक्य कोणाच्या बाजूने बोलते? सातबारा ज्याच्या नावे होणार त्याच्या बाजूने. 'जमीन राखली आणि आईला घालवली' हा बोल आयुष्यभर नको म्हणून विकलेली जमीन आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे, त्यांनी मनातल्या मनात मोजावे. शेवटच्या महिन्यांत दुखणे थांबवणे, झोप येऊ देणे, जखम स्वच्छ ठेवणे हाही उपचार आहे, आणि तो घरी होऊ शकतो. मॉर्फिनच्या गोळ्या महाग नाहीत. त्या रुग्णाला सुलभ मिळाव्यात म्हणून २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्तीही झाली. या गोळ्यांचा फलक कोणत्याही स्टँडवर लागलेला आम्ही पाहिला नाही. स्वस्त गोष्टीची जाहिरात कोण करणार?

हे सगळे आम्ही रागाच्या भरात रचतो आहोत असे कोणाला वाटेल, म्हणून अमेरिकेकडे पाहू. तिथे जाहिराती मोजल्या गेल्या आहेत. पूर्वी तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने जाहिरातीला मनाई केली होती. संघीय व्यापार आयोगाने ही मनाई म्हणजे स्पर्धेला अडसर असे ठरवून १९७९ साली तिच्याविरुद्ध आदेश काढला आणि १९८२ साली तो सर्वोच्च न्यायालयात टिकला. आपल्या विचारांच्या माणसाने टाळी वाजवावी असाच निर्णय. पुढे काय झाले? २०१२ सालच्या, १०२ कॅन्सर केंद्रांच्या ४०९ जाहिराती तिथल्या अभ्यासकांनी तपासल्या आणि निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध केले. शंभरातल्या ८५ जाहिराती भावनेला हात घालणाऱ्या. उपचाराचा फायदा सांगणाऱ्या २७, धोका सांगणाऱ्या २. फायदा आकड्यात सांगणाऱ्याही २च. खर्चाचा किंवा विम्याचा उल्लेख करणाऱ्या ५. निम्म्याच्या आसपास जाहिरातींत बऱ्या झालेल्या रोग्याची कहाणी होती, आणि सर्वसाधारण रोग्याने काय अपेक्षा ठेवावी हे त्यांतल्या एकीतही नव्हते. २०१४ या एका वर्षात तिथल्या ८९० केंद्रांनी मिळून १७ कोटी ३० लाख डॉलर जाहिरातीवर घातले. त्यातले ५९ टक्के 'कॅन्सर ट्रीटमेंट सेंटर्स ऑफ अमेरिका' या एकाच साखळीचे होते. याच साखळीच्या जाहिरातींतल्या दाव्यांबद्दल व्यापार आयोगाने तक्रार केली होती आणि १९९६ साली ते प्रकरण तडजोडीने मिटले होते. मनाई उठवणाऱ्या आयोगालाच पुढे काठी घ्यावी लागली. आम्ही यातून एवढेच घेतो की जाहिरातीची मोकळीक दिली म्हणजे माहिती आपोआप येत नाही. माहिती मागावी लागते.

माहितीच्या नावाखालीही फसगत होते, तेवढी एक समजून घेतली पाहिजे. 'आमचे इतके टक्के रुग्ण पाच वर्षांहून अधिक जगतात' असे वाक्य कुठे दिसले तर विचारा, कुठपासून मोजले? दोन बाया घ्या. दोघींचा आजार सारखा, दोघी २०२० साली गेल्या. एकीचा आजार २०१४ साली सापडला, दुसरीचा २०१८ साली. कागदावर पहिली सहा वर्षे जगली, दुसरी दोनच. पहिलीला एक दिवसही जास्त मिळाला नाही, फक्त मोजणी आधी सुरू झाली. पिकाचे दिवस एकाने पेरणीपासून मोजावे, दुसऱ्याने उगवणीपासून मोजावे आणि मग माझे वाण जास्त दिवसांचे म्हणून भांडावे, तसला प्रकार. शिवाय ज्या रुग्णालयात पैसेवाले आणि लवकर आलेले रोगी जास्त, त्याचा आकडा आपोआप चांगला दिसतो. बागायतीचा उतारा दाखवून कोरडवाहूला पाकीट विकायचे.

खरी मोजणी कशी असते ते पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही. ती आपल्या ज्वारीच्या मुलखात झाली. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून खेड्यांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया. मुंबईचे टाटा रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तीन तपासण्या तीन गटांत करून पाहिल्या. चौथा गट तुल्य, म्हणजे नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेला. आणि मोजले काय? किती वर्षे जगल्या ते नाही; गटात या कॅन्सरने किती मेल्या ते. आठ वर्षांनी तुल्य गटात ६४ मृत्यू, आणि ज्या गटात एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केली त्या गटात ३४. दोन्ही गट तीस-पस्तीस हजार बायांचे. बाकी दोन तपासण्यांनी त्या प्रयोगात मृत्यूंत ठोस फरक दाखवला नाही, आणि तेही त्यांनी २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तसेच छापले. यातली ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची साधी पद्धत टाटाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दर दोन वर्षांनी, पुन्हा पुन्हा केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. तीन वाण लावले, एका पेरणीत एकच चढ निघाला, दुसरा वेगळ्या मशागतीने चालला, तिसऱ्याचे जे खरे ते सांगितले. शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाला याहून चांगली जाहिरात दाखवता येणार नाही.

त्या प्रयोगालाही एक काटा आहे, तो झाकायचे कारण नाही. तुल्य गटातल्या एकतीस हजार बायांना तपासणी मिळाली नाही आणि त्यांतल्या ६४ गेल्या. हे योग्य झाले का, यावर नंतर जाणकारांत बराच वाद झाला. वादाचा निकाल काहीही लागो, जगभराच्या बायांना आज या तपासणीचा जो भरवसा आहे त्याची किंमत आपल्या मुलखातल्या खुरपणी करणाऱ्या बायांनी मोजली आहे. ती तपासणी त्यांच्याच लेकी-सुनांना गावात मिळत नाही आणि यंत्रांचे फलक मात्र मिळतात. इंडिया आणि भारत म्हणतात ते हेच.

कायदा काय म्हणतो? १९५४ सालचा जादूचे उपाय व आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्याच्या यादीत ५४ आजार आहेत आणि त्यांत कॅन्सर आहे. या आजारांवर औषध असल्याची जाहिरात लोकांत करणे गुन्हा. जडीबुटीवाल्याला तो लागू पडतो, काचेच्या इमारतीतल्या सेवेला सहजी लागू होत नाही. डॉक्टरांसाठी २००२ सालचे आचारसंहितेचे नियम आहेत. जाहिरात करून रोगी ओढणे त्या नियमांत अनैतिक ठरवले आहे, आणि रोगी पाठवण्याबद्दल कमिशन देणे-घेणे तर सरळ निषिद्ध. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून जुनेच चालू आहेत. पण परिषदेचा हात नोंदणी झालेल्या डॉक्टरपर्यंत पोचतो. कंपनीची नोंदणी परिषदेकडे नाही, त्यामुळे डॉक्टरने जे करायचे नाही ते कंपनी करते आणि डॉक्टर हाताची घडी घालून फोटोत उभा राहतो.

यातली गंमत अशी की डॉक्टरला ज्या मोजक्या गोष्टी वर्तमानपत्रात जाहीर करायला त्या नियमांनी परवानगी दिली आहे (दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेर आहे वगैरे) त्यांत एक आहे आपले दर जाहीर करणे. म्हणजे जे छापायला मोकळीक आहे तेवढे सोडून बाकी सगळे छापले जाते. २०२१ साली महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती होऊन दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. जिल्ह्यातल्या किती ठिकाणी ते लागले आहे, हे कार्यकर्त्यांनी जाऊन पाहायला काही परवानगी लागत नाही.

आता हे आज का लिहितो ते सांगतो. शहरातल्या एका खाजगी कॅन्सर रुग्णालयाची दोन माणसे मागच्या महिन्यात आमच्याकडे येऊन गेली. बोलायला चांगली पोरे. एक तर कापूसवाल्याचाच मुलगा. प्रस्ताव असा की या पत्रिकेचा वर्षभराचा छपाई खर्च रुग्णालय देईल. बदल्यात मागचे पूर्ण पान त्यांचे, आणि जिल्हा मेळाव्याच्या मंडपात मोफत तपासणीचा स्टॉल. आम्ही तीन गोष्टी विचारल्या. गेल्या वर्षी आलेल्या रोग्यांचा अवस्थेनुसार हिशोब छापाल का? खर्चाचा आकडा छापाल का? रोगी पाठवणाऱ्या डॉक्टरला काही देत नाही असे लिहून द्याल का? 'वर विचारून सांगतो,' म्हणाले. अजून वरून काही आलेले नाही.

यावर कार्यकारिणीत एकमत नाही, आणि ते लपवायचे नाही. काही जण म्हणतात, कागदाचा भाव पाहा, वर्गणी पाहा. फटाके आणि चहा पावडर यांची जाहिरात चालते तर दवाखान्याची का नको. याला उत्तर देणे सोपे आहे. चहा पावडर कडू निघाली तर घर विकावे लागत नाही. पण महिला आघाडीतल्या एका ताईंनी जे विचारले त्याला उत्तर सोपे नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जाहिरात नाकारा, माझी ना नाही. पण माझ्या गावातल्या बायांना तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्रातून कोणी येत नाही. हे लोक निदान गाडी घेऊन येतात. मग तुम्ही येणार का?"

खरे आहे. खर्ऱ्याने तोंड उघडेनासे झालेली पोरे प्रत्येक गावात आहेत. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे आणि पानटपरीवर काय मिळते ते सर्वांना माहीत आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, स्तनातली न दुखणारी गाठ, पाळी गेल्यावर किंवा नवरा-बायकोच्या संबंधानंतर अंगावरून रक्त जाणे, या खुणा माहीत असल्या तर माणूस लवकर पोचतो आणि तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरात लवकर पोचण्याने खरोखर फरक पडतो. एवढे कोणी गावात येऊन सांगत असेल तर त्याला हाकलणे शहाणपणाचे नाही. आमचे भांडण शिबिराशी नाही. शिबिरात काय होते त्याच्याशी आहे. तपासणी मोफत, पुढची सोनोग्राफी मोफत नाही. संशयाचा कागद हातात देऊन त्याच कागदावर त्याच रुग्णालयाचा शिक्का आणि गाडी दारात उभी. मधे विचार करायला एक रात्रही नाही. जिथे तपासणारा आणि विकणारा एकच, तिथे काटा त्याचाच, ग्रेडरही त्याचाच आणि चिठ्ठीही त्याचीच. असा कापूस आपण विकला आहे. आणखी समजावून सांगायची गरज नाही.

आणि मधला दलाल. बाजारात आडत्या आडत घेतो तेव्हा ती पट्टीवर लिहिलेली असते. जास्त वाटली तर आपण बोंबलतो. तालुक्याचा डॉक्टर, तपासणी केंद्र, कधी रुग्णवाहिकेचा चालक, यांचा कट कोणत्याच बिलावर लिहिलेला नसतो. तो रोग्याच्याच पैशातून जातो आणि कोणत्या दारात रोगी उतरेल हे ठरवतो. २०१७ साली राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार करवून घेतला होता. तो मसुदाच राहिला. तालुक्यातले सगळेच डॉक्टर असे आहेत असे आम्ही म्हणत नाही. रात्री-बेरात्री फवारणीच्या विषबाधेचा माणूस वाचवणारे, आपल्या खिशातून एसटीचे भाडे देणारे डॉक्टर आमच्या माहितीत आहेत. कट उघड झाला तर पहिला फायदा त्यांचाच आहे.

म्हणून आमचे मत असे. या पत्रिकेत कॅन्सरच्या दवाखान्याची जाहिरात घ्यावी, पण चिठ्ठी लावून. रोगी किती व कोणत्या अवस्थेतले, त्यांचे पुढे काय झाले. नेहमीच्या चार-पाच उपचारांचा औषधे धरून पूर्ण खर्च. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसते आणि काय खिशातून द्यावे लागते. कमिशन देत नाही असे सहीनिशी. बऱ्या झालेल्या रोग्याचा फोटो नको. हे छापायला जो तयार असेल त्याला मागचे पान अर्ध्या दरात द्यावे, अशी सूचना आम्ही मांडणार आहोत. शिबिरालाही तेच. आधी पत्रक, मग मंडप. संशयाचा कागद कोणत्याही दवाखान्यात चालेल असा कोरा, आणि त्या दिवशी रोगी न्यायची गाडी नाही. त्या कागदाच्या मागे आपण स्वतः छापावे की याच तपासण्या आणि उपचार सरकारी किंवा योजनेतल्या कोणत्या रुग्णालयात होतात. फुले योजना २०१२ साली जीवनदायी या नावाने सुरू झाली, २०१७ साली तिचे नाव बदलले, आणि २०२३ साली शासनाने सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण द्यायचे ठरवले. तरीही शहरातल्या रुग्णालयात पोचेपर्यंत आरोग्यमित्र म्हणजे कोण हे ठाऊक नसलेली माणसे आम्हाला भेटतात. एसटीत आणि रेल्वेत कॅन्सरच्या रोग्याला भाड्यात सवलत आहे, हेही पुष्कळांना माहीत नसते.

ताईंच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग उरतोच. तपासायला कोण येणार? ते सरकारचे काम आहे आणि त्यासाठी भांडण आपल्याला नेहमीच्या पद्धतीने, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या दारात बसून करावे लागेल. भांडायला आकडे लागतात. प्रत्येक तालुक्याने एक वही घालावी. गेल्या पाच वर्षांत ज्या घरात कॅन्सर झाला त्या घरी जावे. घरच्यांची तयारी असेल तरच बसावे. नाव लिहायचे नाही. गाव, वय, आजार कोणता, पहिली खूण दिसल्यापासून डॉक्टरकडे जाईपर्यंत किती दिवस गेले, दवाखान्याचे नाव कोणाकडून कळले (फलक, मोबाईल, डॉक्टर, नातेवाईक), एकूण खर्च, योजनेतून किती, कर्ज किती, जमीन किंवा जनावर विकले का, एवढेच लिहायचे. पहिली वेचणी सुरू झाली की कोणी घरी सापडणार नाही, तेव्हा वह्या दसऱ्याच्या आत जिल्हा कार्यालयात पोचवाव्यात.